तीनशे सात संच, तक्रारी निरंक

यहुदी अंत्यसेवा मंडळ, स्त्री विभाग. सेवा-नोंद. सभासद क्रमांक एकोणीस. वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण : लिहिता-वाचता येते. व्यवसाय : शिवणकाम. मंडळासाठी केलेले कार्य : मृतांचे कपडे, हातशिलाई, विनामोबदला, एकूण संच तीनशे सात. शिवणीत आढळलेल्या गाठी : निरंक. स्वभाव : शांत व सहकार्यशील. कोणाशीही वैर : निरंक. लाभार्थींच्या तक्रारी : निरंक.

शेवटच्या रकान्याबद्दल वाद घालता येत नाही. तीनशे सात लाभार्थींपैकी एकही जण तक्रार करायला परत आलेला नाही. बाकीच्या रकान्यांबद्दल मात्र थोडं बोलायला हवं.

सभासद क्रमांक एकोणीसला सगळे टाचणी म्हणत. एक तर ती कायम ओठांत टाचण्या धरून बोलायची, आणि दुसरं म्हणजे टाचण्या काढून ठेवल्या तरी बोलण्यात फरक पडायचा नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीला लावलेलं लांब टेबल, त्यावर कात्री, खडू आणि इस्पितळातल्या परिचारिकांच्या गणवेशांचा ढीग. गणवेश मशीनवर शिवायची. मृतांचे कपडे मात्र हातावर, पांढऱ्या सुती कापडाचे, बिनखिशाचे. न्यायचं काहीच नसतं, म्हणून खिसा नाही. आणि गाठ नाही. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायची नाही, शिवण संपली की दोरा तसाच सोडायचा, कंबरेचा पट्टासुद्धा नुसता पीळ देऊन खोचायचा.

गाठ का नाही, हे तिला आईनं सांगितलं होतं. आई सुईण होती. या वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातांत पडली होती आणि प्रत्येकाच्या नाळेला तिनं दुहेरी गाठ मारली होती. "येणाऱ्याला गाठ लागते," ती म्हणायची, "नाहीतर आल्यापावली जातो. जाणाऱ्याला लागत नाही. गाठ राहिली तर जीव अडकून बसतो, सुटत नाही. तेव्हा माझं काम तू करू नकोस आणि तुझं मी करत नाही."

आई गेली तेव्हा टाचणी पन्नाशीची होती. आईचे कपडे तिनंच शिवले, एका बैठकीत, न रडता. मग सात दिवसांचं शोकाचं बसणं झालं आणि आठव्या दिवशी तिनं आईच्या आयुष्यावर दोन पानं लिहिली.

कारण मंडळाची स्मरणपुस्तिका होती. जो कोणी जाईल त्याची हकिकत त्या पुस्तिकेत छापायची, आणि दर वर्षी त्याचा स्मृतिदिन ज्या आठवड्यात येईल त्या शनिवारी, प्रार्थना संपल्यावर, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. पुस्तिका चालवायची चष्मेवाली. चष्म्यांच्या दुकानाची मालकीण, दुकानाच्या वरच राहणारी, टाचणीपेक्षा वर्षानं मोठी. गळ्यात काळ्या दोरीनं अडकवलेला चष्मा, आणि समोरचा माणूस नीट दिसला तरी तो डोळ्यांवर चढवून मगच बोलायची सवय. टाचणीनं दोन पानं तिच्या हातात नेऊन दिली. तिनं ती काउंटरच्या खणात टाकली आणि म्हणाली, "बघते."

पुस्तिका छापून आली. आईच्या नावापुढे होतं : 'व्यवसाय : गृहिणी. यांच्याविषयी विशेष माहिती उपलब्ध नाही.'

टाचणी पुस्तिका घेऊन तडक दुकानात गेली. चष्मेवाली एका म्हाताऱ्याचे डोळे तपासत होती.

"वरची ओळ दिसते का हो?" चष्मेवाली म्हाताऱ्याला विचारत होती.

"मला दिसते," टाचणी दारातून म्हणाली. "विशेष माहिती उपलब्ध नाही. माझी दोन पानं कुठं गेली?"

"अगं, हो. जागाच नव्हती बघ."

"अध्यक्षांच्या वडिलांना साडेतीन पानं मिळाली."

"त्यांनी प्रार्थनागृहाला लिफ्ट दिली."

"लिफ्ट चालत नाही."

"पण दिली ना!" चष्मेवालीनं म्हाताऱ्याच्या नाकावर दुसरं भिंग ठेवलं. "आणि काय लिहायचं सांग तू. बायकांची बाळंतपणं? प्रार्थनागृहात? पुरुषांसमोर?"

"त्या पुरुषांची पण तिनंच केली होती. ते काय लिफ्टनं आले?"

म्हातारा खुदकन हसला आणि भिंग खाली पडलं. चष्मेवालीचा चेहरा बदलला.

"हे बघ, छापलं गेलं ते गेलं. एकदा छापलेली नोंद बदलता येत नाही. नियम सात."

"नियम सहाच आहेत."

"कालच्या बैठकीत सातवा झाला."

टाचणीनं पुस्तिका मिटली ती नियमामुळे नव्हे. तिला त्या क्षणी खरं कारण कळलं. जागेचा प्रश्नच नव्हता. तिनं लिहिलेल्या दुसऱ्या पानावर, वरून चौथ्या ओळीत, चष्मेवालीच्या थोरल्या मुलाचा जन्म होता.

त्या दिवशी टाचणी स्वतः तिथं होती, तेवीस वर्षांची. चष्मेवालीला दुकानातच कळा सुरू झाल्या होत्या. नवरा गाडी आणायला धावला तो दोन तास आलाच नाही. दुकानामागच्या कोठीत, चष्म्यांच्या फ्रेमांची रिकामी खोकी चपटी करून त्यावर तिला निजवलं. मूल पायाळू. आईनं ते फिरवून, ओढून, उलटं धरून, पाठीवर थापट्या मारून रडवलं. नाळ बांधायला हाताशी दोरा नव्हता, म्हणून गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काळी दोरी टाचणीनं उकळत्या पाण्यातून काढून दिली. चष्मेवालीनं आईचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर आठवडाभर आईला त्या हातानं काही उचलता येत नव्हतं. "तुम्ही माझी आईच आहात," ती म्हणाली होती. हे ऐकणारी तिसरी व्यक्ती म्हणजे टाचणी.

पुढे दुकान वाढलं, भिंतींना आरसे लागले, आणि थोरल्याचा जन्म हळूहळू एका मोठ्या खासगी प्रसूतिगृहात सरकला. आधी एक डॉक्टर होते. मुलाच्या लग्नापर्यंत तीन झाले.

तेव्हापासून सव्वीस वर्षं, दर वर्षी एका शनिवारी, मंडळाचे सेक्रेटरी उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि वाचायचे : "व्यवसाय, गृहिणी. यांच्याविषयी विशेष माहिती उपलब्ध नाही." चार सेकंद लागायचे. घसा साफ करायलाच जास्त वेळ जायचा. वर बायकांच्या सज्ज्यात टाचणीच्या पुढे दोन बाकं सोडून चष्मेवाली बसलेली असायची, आणि त्या चार सेकंदांत तिची मान जराही हलायची नाही. ती मान टाचणीला पाठ होती. मागच्या केसांखालचा तीळ, सोन्याच्या साखळीची कडी, सगळं.

पहिल्याच वर्षी सज्ज्याच्या जिन्यात गाठून टाचणीनं तिला सांगितलं होतं, "तू माझी माफी मागशील. नाही मागितलीस तर मी तुझ्यानंतर मरेन."

"मर ना बाई, कधीही मर," चष्मेवाली म्हणाली होती. "मला काय त्याचं?"

पण टाचणीनं ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवसापासून चहातली साखर सोडली. रोज चार मजले चढून उतरायला लागली. राहायची दुसऱ्यावर, वरचे दोन मजले केवळ वैरासाठी. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी शिस्त फार कमी लोकांत दिसते, प्रेरणा काय? टाचणी म्हणाली, "शेजारधर्म."

शिवाय तिचा धंदाच असा की माणूस दिसला की नजर माप घ्यायची. चष्मेवालीचं माप ती दर शनिवारी सज्ज्यातून घ्यायची. खांद्यात सैल झाली, कंबरेत दोन बोटं वाढली, यंदा उंचीत अर्धा इंच घटली. चष्मेवालीलाही ते कळत असावं, कारण जिन्यात समोरासमोर आल्या की ती पोट आत घ्यायची आणि तरातरा चढून जायची. पुढचा अर्धा तास मात्र तिला धाप लागलेली असायची. असा हा दोन म्हाताऱ्यांचा व्यायाम सव्वीस वर्षं चालला. मंडळात दोघींच्या प्रकृतीचं फार कौतुक होतं.

एके दिवशी सकाळी सातला सेक्रेटरींचा फोन आला.

"मावशी, वाईट बातमी आहे. चष्मेवाल्या बाई गेल्या. पहाटे, झोपेतच."

"नक्की?"

"अहो मावशी, नक्की म्हणजे काय?"

"म्हणजे नक्की ना?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय. दुपारपर्यंत दफन करायचं आहे. कपडे होतील का?"

"माप आहे माझ्याकडे," टाचणी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला तो संताप. सव्वीस वर्षं ज्या माफीची वाट पाहिली ती न मागताच ही बाई झोपेत सटकली होती! माफी मागायला ती आली तर काय उत्तर द्यायचं, याची टाचणीनं तीन उत्तरं तयार ठेवली होती. एक साधं, एक लागट, आणि एक असं की ऐकून तिला जिन्यात बसावंच लागलं असतं. तिन्ही वाया गेली. आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे आता उलट टाचणीनंच जाऊन त्या बाईची माफी मागायची होती. मृताला आंघोळ घालणाऱ्यांनी, काम संपताना, काही उणं राहिलं असेल तर क्षमा कर असं मृताला म्हणायचं असतं. तशी रीतच आहे. स्त्री विभागात आंघोळ घालणाऱ्या चारच बायका उरल्या होत्या आणि त्यातली एक टाचणी.

तिनं कापड पसरलं, खडूनं आखलं, कातरलं. सदरा, विजार, वरचा झगा, पट्टा, डोक्याचं कापड. अडीच तास ती टेबलाशी बसून होती. शिवण इतकी सरळ आली की तिलाच राग आला. शेवटची बाही राहिली तेव्हा ती सुई हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग बाही पुरी केली, कपड्यांची घडी घातली, आणि निघाली.

आंघोळीच्या खोलीत फरशी ओली होती, बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. चौघींत सगळ्यात ज्येष्ठ बेकरीवाली. तिच्या हातांना नेहमीच पिठाचा वास यायचा, कितीही धुतले तरी. तिला दोघींचं वैर पाठ होतं. तिनं टाचणीला बाजूला घेतलं.

"तू नको येऊस आत. आम्ही तिघी करतो."

"चौघी लागतात."

"चालवून घेऊ."

"तिच्या बाबतीत काही चालवून घ्यायचं नाही," टाचणी म्हणाली. "उद्या वर जाऊन बोट दाखवेल."

आणि तिनं जे काम केलं तसं त्या खोलीत कधी झालं नव्हतं. अंगावरची चादर बोटभरही सरकू दिली नाही. एकेक नख काडीनं साफ केलं. कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, टाचांच्या भेगांत. पाणी ओतताना धार तुटता कामा नये, पहिली बादली संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी. ती तुटली नाही. केसांखालचा तो तीळ पहिल्यांदा जवळून दिसला. टाचणीनं तोही पुसला. वैऱ्याचं काम असं चोख करायचं की त्याला आभार मानण्यावाचून गत्यंतर राहू नये, आणि आभार मानायला तोंड राहू नये.

बेकरीवाली शेवटी म्हणाली, "अगं बस कर, किती घासशील? भांडं आहे का ते?"

कपडे घालून झाले. पट्टा पीळ देऊन खोचला. मग चौघी पायांशी उभ्या राहिल्या. बेकरीवालीनं टाचणीकडे चोरून पाहिलं. आता ही तोंड मिटून उभी राहणार, अशी तिची खात्री होती.

टाचणीच सगळ्यांच्या आधी बोलली, मोठ्यानं आणि स्पष्ट. "आमच्या हातून तुझ्या बाबतीत काही चुकलं असेल तर आम्हांला क्षमा कर." बाकीच्या तिघींनी मागून सूर धरला. बेकरीवालीचे डोळे भरून आले.

"सुटलीस गं," बाहेर आल्यावर तिनं टाचणीचा हात धरला. "मन मोठं केलंस. संपलं एकदाचं."

"हात पूस," टाचणी म्हणाली. "पीठ लागतंय."

चष्मेवालीच्या घरी सात दिवसांचं बसणं झालं. अशा वेळी घरातले आरसे झाकतात. घर वरती आणि दुकान खाली, दोन्हीकडे मिळून तेवीस आरसे. चादरी कमी पडल्या म्हणून शेवटचे चार टेबलक्लॉथनी झाकले. टाचणी सातही दिवस जाऊन बसली.  लोक म्हणाले, बघा, माणसानं असं असावं.

दहाव्या दिवशी चष्मेवालीची थोरली सून टाचणीकडे आली. हिचा नवरा म्हणजे तोच पायाळू, आता त्रेपन्न वर्षांचा, हल्लीचा मंडळाचा अध्यक्ष. सासूनंतर स्मरणपुस्तिका सुनेच्या गळ्यात पडली होती.

"मावशी, आईंची हकिकत लिहायची आहे," सून वही उघडत म्हणाली. "यांना विचारलं तर म्हणतात, कर्तबगार होती असं लिही. तेवढंच. तुम्हीच एक आहात त्यांच्या वयाच्या. पण... तुमचं त्यांच्याशी..."

"माझं काय तिच्याशी?"

"काही नाही. म्हणजे वाईट लिहिता येत नाही, तो नियमच आहे."

"वाईट कोण लिहितंय?" टाचणीनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि ओळीनं उशीत खोचल्या. "बस. पाणी घे. पेन नीट चालतं ना?"

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. एकही वाईट शब्द नाही. चष्मेवाली किती शूर होती ते सांगितलं. दुकानात कळा सुरू झाल्या तरी तिनं गिऱ्हाइकाचं भिंग बसवून मगच काउंटर कसा सोडला, खोक्यांवर निजल्यावर ओठ कसे चावले, सुईणीचा हात कसा धरला. आणि ओघात, हिची हकिकत नीट कळावी म्हणून, ती सुईण कोण होती, कुठून आली, वस्तीत किती मुलं तिच्या हातांत आली, त्यांत हल्लीचे सेक्रेटरी कसे, बेकरीवालीचे दोन्ही मुलगे कसे, हेही आलं. तापाच्या साथीत सुईण अकरा रात्री एका घरात कशी राहिली, ते आलं. चष्मेवालीच्या धाकट्याचं बाळंतपण आलं, तेव्हा सुईणीला स्वतःला ताप होता, तेही आलं. चष्मेवाली प्रत्येक परिच्छेदात होती. बहुतेक वेळा आडवी.

सुनेचं पेन मध्येच थांबलं.

"थांबा मावशी. हे कोठीत झाले? खोक्यांवर?"

"फ्रेमांच्या. चपटी करून. एक बाजू मऊ होती."

"आई तर सांगायच्या, प्रसूतिगृह होतं. तीन डॉक्टर होते. मी सरकारी इस्पितळात बाळंत झाले तर नातेवाइकांसमोर म्हणाल्या होत्या, आमच्यात असं नसतं बाई."

"डॉक्टर नव्हते. मी होते. नाळ चष्म्याच्या दोरीनं बांधली."

 सुनेनं पान उलटलं आणि अक्षर बारीक केलं, म्हणजे जास्त मावेल.

"दोरी कुठल्या रंगाची?" तिनं विचारलं.

"काळी."

"मोठी की आखूड?"

टाचणीला ही मुलगी पहिल्यांदाच आवडली. "तुझा नवरा छापायच्या आधी वाचेल ना?" तिनं विचारलं.

"ते वाचत नाहीत," सून म्हणाली. "सही करतात."

सहा पानं झाली. अध्यक्षांच्या सहीनं छापली. वर्षानं चष्मेवालीच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या शनिवारी सेक्रेटरी उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचू लागले. सुनेनं मजकुराला मंडळाच्या भाषेचं वळण दिलं होतं : "दिवंगत भगिनींच्या ज्येष्ठ चिरंजीवांचा, म्हणजेच आपल्या विद्यमान अध्यक्षांचा जन्म दुकानामागील कोठीत, चष्म्यांच्या खोक्यांवर, सुईणबाईंच्या हस्ते संपन्न झाला."

खाली पुरुषांच्या बाकांवर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. अध्यक्ष उठले. "हे काय आहे? थांबवा. हे काढून टाका."

"काढता येत नाही साहेब," सेक्रेटरी पुस्तिकेवरून मान वर न करता म्हणाले. "नियम सात. एकदा छापलेली नोंद बदलता येत नाही. आपल्या मातोश्रींचाच नियम आहे." आणि पुढचं पान उलटलं. त्यात ते स्वतः जन्मणार होते, म्हणून त्यांनी आवाज थोडा वाढवला.

वाचन बावीस मिनिटं चाललं. टाचणीनं घड्याळात पाहून मोजली. मग खालून एक म्हातारा म्हणाला, "मी पण तिच्याच हातचा." दुसरा म्हणाला, "आमची तिन्ही भावंडं." बेकरीवाली सज्ज्यातून वाकून ओरडली, "आणि माझे दोघं उलटे होते, ते लिहिलं का नीट?"

 टाचणी दोन बाकं पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "बस," ती पुटपुटली. "दर वर्षी बसायचं. ऐकायचं. उठून जायचं नाही."

त्यानंतर दोन महिन्यांनी तिला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून तिनं काम सोडलं. मंडळानं तिचा सत्कार केला. सेवा-नोंद वाचली गेली : संच तीनशे सात, वैर निरंक, तक्रारी निरंक. अध्यक्षांना ती चौकट तिच्या हातात द्यावी लागली, फोटोसाठी हसावंही लागलं. खाली सोनेरी अक्षरांत होतं : 'सेवेच्या संपूर्ण काळात शिवणीत एकही गाठ नाही.'

चष्मेवालीच्या झग्याच्या डाव्या बाहीत, आतल्या बाजूनं, काळ्या दोऱ्याची एक दुहेरी गाठ आहे.